प्रयोग पुन्हा करावा

निकालाच्या दिवशी पास झालेले विद्यार्थी कँटीनकडे जातात आणि नापास झालेले सायकल स्टँडकडे. हे निरीक्षण सरांचं होतं आणि नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते दर वर्षी खरं ठरत असे. पास झालेल्याला माणसं हवी असतात, नापास झालेल्याला तिथून लवकर निघायचं असतं. म्हणून निकाल फळ्यावर लागला की बाकीचे प्राध्यापक स्टाफरूममध्ये पेढ्यांची वाट बघत बसत आणि सर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहत. हातात फुलस्केप कागदांची चळत, कानावर लाल पेन्सिल.

सर प्राध्यापक नव्हते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते डेमॉन्स्ट्रेटर होते. विद्यार्थ्यांकडून प्रयोग करून घेणं, जर्नल तपासणं आणि कोणी कोणत्या बॅचला यायचं त्याच्या याद्या लावणं, हे त्यांचं काम. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते या जागेवर लागले आणि ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा याच जागेवरून निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांनी बढतीसाठी अर्ज केला नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "वर गेलो की वर्गात बोलत बसावं लागतं. मला बघायला आवडतं."

उंच, किंचित पुढे वाकलेले. ॲप्रनला ॲसिडची भोकं. ॲप्रन घालूनच ते सायकलवरून घरी जात आणि रविवार कारंज्यावर भाजीही त्याच वेषात घेत. वरच्या खिशात काचेची एक कांडी असे. तिने ते चहा ढवळत. "ही चहाची. प्रयोगशाळेतली वेगळी," असं ते समोरच्याला आधीच सांगत. तरी नवीन लेक्चरर त्यांच्याकडचा चहा घेताना एकदा कपात बघून घेत.

सायकल स्टँडवरचा त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. मान खाली घालून कुलूप उघडणाऱ्या मुलाच्या सायकलच्या कॅरिअरवर ते एक हात ठेवत.

"काय झालं?"

"गेलो, सर."

"ते फळ्यावर आहे. काय झालं ते विचारतोय."

मग त्याला एक कागद मिळे. त्यावर डाव्या बाजूला सरांच्या अक्षरात पाच शब्द: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. शाळेत विज्ञानाच्या वहीत सगळ्यांनी हे शब्द लिहिलेले असतात. कॉलेजात आलं की तेच इंग्रजीत लिहायचे. पण हा प्रयोग मराठीत लिहायचा, अशी सरांची अट होती. प्रयोगाचं नाव: मी नापास कसा झालो. मुदत आठ दिवस.

साहित्यात अभ्यासाची जागा, दिवा, पुस्तकं, जेवण, येण्याजाण्याची सोय, घरातली माणसं, सगळं लिहायचं. कृतीत दिवसभराचा क्रम. बहुतेक मुलं पहिले चार रकाने दोन-दोन ओळींत उरकत आणि अनुमानात लिहीत, 'मी ढ आहे.' काही जण जरा सजवून लिहीत, 'माझी बौद्धिक पात्रता कमी पडली.' सर लाल पेन्सिलीने ते खोडत.

"निरीक्षण दाखव."

"कसलं, सर?"

"ढ असल्याचं. निरीक्षणात काहीच नाही, मग अनुमानात आलं कुठून? डोकं हे उपकरण आहे बाळा. उपकरण बिघडलं म्हणण्याआधी जोडणी तपासतात."

आणि खाली शेरा: प्रयोग पुन्हा करावा.

जोडणी ते स्वतः जाऊन तपासत. रविवारी सायकल काढून ते विद्यार्थ्याच्या घरी जात. सोबत सुतळीचा गुंडा. दिव्यापासून पुस्तकापर्यंतचं अंतर सुतळीने मोजत, खिडकी कुठल्या दिशेला ते बघत, आईला विचारत, "हा जेवून बसतो की बसून जेवतो?" पंचवटीतल्या एका मुलाच्या बाबतीत त्यांनी असा निष्कर्ष काढला होता की तो ज्या कोपऱ्यात अभ्यास करतो तिथून घरातल्या सगळ्यांना त्याला हाक मारता येते. त्याचं टेबल त्यांनी दाराआड सरकवलं. बाकी काही केलं नाही. मुलगा ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटला.

त्यांचा एक विचित्र नियम होता आणि पुढच्या हकिकतीत तो महत्त्वाचा आहे. ते गुणपत्रिका बघत नसत. मुलगा देऊ लागला तर घडी न उघडता ती कागदाला टाचून ठेवत. "गुण हे दुसऱ्या कोणी काढलेलं अनुमान आहे," ते म्हणत. "ते आधी बघितलं की डोळे तेवढंच शोधतात." या नियमाचा त्यांना अभिमान होता.

माझा कागदही त्यांच्याकडे गेला होता. मी विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला नापास झालो तेव्हाची गोष्ट. कृतीच्या रकान्यात मी खरं ते लिहिलं होतं: सकाळी अडीच तास सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रं. सरांनी त्या ओळीखाली रेघ मारली. "सगळी वाचतोस?" "हो." "जाहिरातीसकट?" "हो." त्यांनी अनुमान स्वतः लिहिलं: विद्यार्थ्याला अभ्यासाची सवय उत्तम आहे. प्रयोगशाळा चुकली. मी कला शाखेत गेलो. नंतरची तीस वर्षं बातमीदारीत गेली आणि निरीक्षणात नाही ते अनुमानात लिहू नये, हा नियम तिथेही चालला.

सगळेच उपाय यशस्वी होत असं नाही. वणीचा एक मुलगा होता. घरचं नारळ-प्रसादाचं दुकान. चैत्रातली देवीच्या गडाची यात्रा नेमकी परीक्षेच्या तोंडावर येई आणि आठवडाभर त्याला दुकानातून उठता येत नसे. सरांनी कारण शोधलं, रजा टाकली आणि स्वतः दुकानात जाऊन बसले. मुलाला माडीवर पाठवलं. गिऱ्हाइकाने नारळ मागितला की सर तो कानाशी धरून हलवत आणि प्रामाणिकपणे सांगत, "यात पाणी कमी आहे. हाही नको. हा जुना वाटतो." दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाची आई हात जोडून म्हणाली, "सर, तुमच्या पाया पडते. तुम्ही माडीवर जाऊन अभ्यास करा, दुकान पोरगा बघंल." सर हे सगळ्यांना स्वतःच सांगत आणि शेवटी म्हणत, "निरीक्षण बरोबर होतं. कृती चुकली."

शोभा नापास झाली तेव्हा सायकल स्टँडवर सापडली नाही. तिच्याकडे सायकल नव्हती. ती बसथांब्यावर उभी होती. सर तिथे चालत गेले, कागद दिला.

ती नांदगावची. बौद्ध कुटुंब, वडील रेल्वेत गँगमन, त्यामुळे गाडीचा पास होता. पहाटे पावणेचारला उठायचं, पाचच्या पॅसेंजरने नाशिकरोड, तिथून बसने कॉलेज. संध्याकाळी तोच प्रवास उलटा. तिने कागद दुसऱ्याच दिवशी आणून दिला. अक्षर बारीक आणि सरळ. साहित्यात तिने डब्यातल्या भाकऱ्यांची संख्यासुद्धा लिहिली होती. निरीक्षणाच्या रकान्यात दोन ओळी होत्या: 'रोज गाडीत पाच तास जातात. सकाळच्या प्रॅक्टिकलला उशीर होतो.' अनुमान कोरं. त्याबद्दल सरांनी तिचं कौतुक केलं.

सर इतके खूश झालेले मी क्वचित पाहिले. मी तेव्हा कला शाखेत होतो, पण प्रयोगशाळेत चहाला जात असे. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"पाच तास! इतकं स्वच्छ कारण आजवर मिळालं नव्हतं. दिवा नको मोजायला, काही नको."

पाच तास या शब्दांपुढे त्यांनी लाल पेन्सिलीने लिहिलं, 'वाया'.

पुढच्या रविवारी ते नांदगावला जाऊन आले. जाताना मलाही घेऊन गेले. निरीक्षणाला दुसरा माणूस लागतो, असं त्यांचं मत होतं. रेल्वेच्या वसाहतीतल्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शोभाचे दोन धाकटे भाऊ गृहपाठ करत बसलेले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, पोरीनं शिकावं असं मला लय वाटतं. पन मागं हे दोघं हायेत. येकदा नापास झाली, चालंल. दुसऱ्यांदा नाय. इथं बालवाडीत जागा निघनार हाय. यंदा नाय सुटली तर तिथं लावून देनार. तिला बी सांगितलंय."

"यंदा सुटेल," सर म्हणाले. "नाशिकला माझी थोरली बहीण आहे. शाळेतून निवृत्त झाली, एकटी राहते. मागची खोली रिकामी आहे. शोभा तिथे राहील. पाच तास वाचतील."

वडिलांनी सरळ विचारलं, "आमी बौद्ध. तुमच्या बहिनीला चालंल?"

"अक्काला फक्त आवाज चालत नाही," सर म्हणाले.

ते खरं होतं. गंगापूर रोडवरच्या अक्कांच्या घरात टाचणी पडली तरी त्या "कोण?" असं विचारत. जुलैत शोभा तिथे राहायला गेली. सरांनी खोलीत स्वतःचं टेबल नेऊन ठेवलं, खिडकी डाव्या हाताला येईल असं लावलं, दिव्याची उंची सुतळीने ठरवली. जेवण अक्कांकडे. कॉलेज चालत दहा मिनिटांवर. सर आठवड्यातून एकदा जाऊन बल्ब पुसत.

सहामाहीत शोभा तिन्ही विषयांच्या लेखी पेपरांत नापास झाली. प्रॅक्टिकलला ती आता वेळेवर येत होती आणि तिथे तिला काही अडचण आली नव्हती. पण लेखी कोसळलं होतं.

सरांनी पुन्हा सुतळी काढली. दिवा जागेवर होता. जेवण वेळेवर होतं. त्यांनी शोभाला समोर बसवलं.

"काही त्रास आहे का?"

"नाही सर."

"अक्का काही बोलली?"

"नाही सर. फार चांगल्या आहेत."

"मग काय होतंय?"

"काही नाही सर. मी करीन." आणि ती रडायला लागली. रडणं निरीक्षणात धरायचं की नाही हे सरांना ठरवता येत नव्हतं.

अक्कांनी नंतर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, ती पोरगी भिंतीशी बोलायची सुरुवातीला. पुस्तक उघडायची आणि कोणाला तरी सांगतेय असं बोलायची. मी म्हटलं, बाळ, वाचायचं ते मनात वाच. तेव्हापासून अगदी शांत आहे." सरांनी मान डोलावली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

वार्षिक परीक्षेला पाच महिने होते. वडिलांना खरी परिस्थिती सांगायला हवी म्हणून दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सर पुन्हा नांदगावला निघाले. या वेळी संध्याकाळच्या पॅसेंजरने, म्हणजे पूर्वी शोभा जायची त्याच गाडीने. मी बरोबर होतोच.

डब्यात गर्दी नव्हती. खिडकीजवळच्या एका जागेवर रिकामी वेताची टोपली ठेवलेली होती. सरांनी ती अलगद उचलून खाली ठेवली आणि ते तिथे बसले.

"ओ भाऊ, उठा तिथून," समोरची बाई म्हणाली. साठीच्या आसपास, हिरवं लुगडं, सकाळी भाजी विकून परत निघालेली. "ती जागा धरलेली हाय."

"कोणासाठी? गाडी सुटली."

"आमच्या शोभीची हाय."

सर उठले. टोपली जागेवर ठेवली. तिच्या शेजारी अंग चोरून बसले.

"कोण शोभा?"

"नांदगावची. कालेजात हाय. आता नाशकात ऱ्हाते म्हनं, कोना मास्तरनं ठिवली तिला. पन आली तर उभी ऱ्हायला नको, म्हनून धरतो."

तिच्या बाजूला चष्मा लावलेल्या एक बाई वह्या तपासत बसल्या होत्या. नाशिकरोडला प्राथमिक शाळेत शिकवून रोज मनमाडला परत जाणाऱ्या. त्यांनी मान वर केली. सरांच्या अंगावर ॲप्रन होता. "तुम्ही तिच्या कॉलेजातले का?"

सर हो म्हणाले. ठेवणारा मास्तर आपणच, हे त्यांनी सांगितलं नाही.

भाजीवाल्या मावशी एकदम पुढे सरकल्या. "मंग तुमाला ठावं असंल. त्या सोडियमचं काय झालं?"

"कशाचं?"

"सोडियमचं वो! त्याच्याकडं येक दाना जास्ती, अन् त्या क्लोरिनला येक कमी. आता देतो मग देतो, म्हनून पोरगीनं सांगितलं अन् मी निफाडला उतरले. दुसऱ्या दिसापासनं आलीच नाय. चार म्हयने झाले. दिला का त्यानं?"

"दिला," सर म्हणाले.

"मंग?"

"मीठ झालं."

"कोन्तं मीठ?"

"खायचं."

मावशींनी जरा वेळ विचार केला. "म्हंजी माझ्या भाकरीतलं?"

"तेच."

"आता गं बया," मावशी म्हणाल्या आणि बाईंकडे वळल्या. "बघितलं का वो बाई? मीठ निघालं शेवटी."

सरांना राहवलं नाही. इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण, आयन, त्यांचे भार, सगळं त्यांनी नीट क्रमाने सांगायला घेतलं. मावशींनी दोनदा जांभई दिली. मग त्या प्रेमाने म्हणाल्या, "भाऊ, तुमी शिकवता व्हय कालेजात? राग नका मानू. पन आमची शोभी लय ब्येस सांगायची."

बाईंनी खुलासा केला. शोभा सकाळी नांदगावहून पुस्तक उघडून बसायची. पुस्तक इंग्रजीत, शाळा मराठीतून झालेली, त्यामुळे पहिल्यांदा तिला काहीच कळत नसे. मनमाडला बाई चढल्या की त्या अडलेले शब्द सांगत. निफाडला मावशी टोपली घेऊन चढल्या की म्हणत, "हं, काल कुठं थांबलो व्हतो?" मग शोभा तो धडा मावशींना कळेल असा सांगे. मावशी मधेच अडवत. "असं का?" आणि "मंग ते आधी का नाय झालं?" हे त्यांचे दोन प्रश्न. उत्तर आलं नाही तर शोभा दिवसभर ते शोधे आणि संध्याकाळच्या गाडीत सांगे. न सांगितल्यास मावशी तिला तिचा डबा उघडू देत नसत.

"त्या वर्षी लेखीत पास होती ती, तिन्ही विषयांत," बाई म्हणाल्या. "या डब्यात आम्ही सगळ्यांनी तिची गुणपत्रिका बघितली. फक्त प्रॅक्टिकलमध्ये गेली बिचारी. सकाळची बॅच होती. गाडी वेळेवर आली तरी पुढची बस धरून अर्धा तास उशीर व्हायचाच. प्रयोग अर्धा राहायचा. परीक्षेतही तेच झालं."

सरांच्या पिशवीत शोभाचा कागद होता, वडिलांना दाखवायला घेतलेला. मागे टाचलेली गुणपत्रिका त्यांनी काढली आणि पहिल्यांदा घडी उघडली. खिडकीशी धरून वाचली. मग पुन्हा वाचली. बाईंनी सांगितलं होतं तेच तिच्यात होतं.

"मावशी," ते गुणपत्रिकेची घडी घालत म्हणाले, "तो मास्तर मीच."

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग आनून सोडा की तिला," त्या म्हणाल्या. निफाड आलं होतं. त्यांनी जागेवरची टोपली उचलली, खाली उतरल्या आणि खिडकीतून पुन्हा बजावलं, "जागा हाय म्हनावं."

मनमाड सोडल्यावर सर मला म्हणाले, "बॅचच्या याद्या कोण लावतं, माहीत आहे ना?"

माहीत होतं. रोल नंबरप्रमाणे पहिले वीस सकाळी, पुढचे दुपारी, ही यादी दर जूनमध्ये सर स्वतः टाईप करून दारावर लावत. एका मुलीचं नाव सकाळच्या यादीतून दुपारच्या यादीत घ्यायला एक ओळ लागली असती.

शोभाच्या वडिलांसमोर सरांनी काहीही आडवळणाने सांगितलं नाही. "सहामाहीत नापास आहे. चूक तिची नाही. माझी आहे." आणि का, ते सांगितलं.

वडिलांनी बोटांवर महिने मोजले. "पाच म्हयने हायेत म्हनता."

"हो."

"बालवाडीचं मी सांगितलंय ते तसंच ऱ्हाईल, सर. ते बदलता येनार नाय."

"नका बदलू."

"पन पोरगी घरी येनार?"

"तुम्ही म्हणालात तर सोमवारी."

"घर लय सुनं झालं व्हतं," ते म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

सोमवारी प्रयोगशाळेत सरांनी एक फुलस्केप कागद शोभाच्या हातात दिला आणि कानावरची लाल पेन्सिलही दिली. तो कागद मी वाचला आहे. उद्देश: विद्यार्थिनीला पास करणे. साहित्य: टेबल, दिवा, सुतळी, रिकामी खोली, बहीण. कृती: विद्यार्थिनीला न विचारता तिला शिकण्याच्या जागेवरून उचलून शांत जागी ठेवले. निरीक्षण: शांततेत ती शिकत नाही. प्रॅक्टिकलच्या उशिराचे कारण बॅचची यादी. यादी करणारा मी. गुणपत्रिका कागदाला टाचलेली असून पाहिली नाही. अनुमानाची जागा त्यांनी कोरी ठेवली होती.

"तपास," सर म्हणाले.

"मी, सर?"

"प्रयोग तुझ्यावर झाला. तपासणार कोण?"

शोभा पेन्सिल हातात धरून उभी राहिली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाही कळत नसावं. "सर, तुम्ही एवढं केलं," ती म्हणाली. "टेबलसुद्धा तुमचं. मला सांगता येईना."

"म्हणून लाल पेन्सिल दिलीय."

तिने तिचा स्वतःचा जुना कागद मागून घेतला. पाच तासांपुढचा 'वाया' हा शब्द नीट खोडला. मग सरांच्या कागदाखाली तिच्या बारीक, सरळ अक्षरात शेरा लिहिला: प्रयोग पुन्हा करावा.

निरोप घ्यायला ती गेली तेव्हा सरांकडून सगळं ऐकलेल्या अक्का म्हणाल्या, "ती मिठाची गोष्ट मला एकदाही सांगितली नाहीस." शोभा म्हणाली, "तुम्ही मनात वाच म्हणाला होतात." अक्कांनी तिला बसवून घेतलं आणि ती गोष्ट पूर्ण ऐकली. त्या घरात इतका वेळ कोणी सलग बोललं असं त्याआधी घडलं नव्हतं, असं सर सांगत.

शोभाचं नाव दुपारच्या बॅचला गेलं. पुढच्या जूनपासून प्रयोगशाळेच्या दारावरच्या यादीत रोल नंबर आणि नाव यांच्यानंतर तिसरा रकाना आला: कोणत्या गाडीने येतो. घोटीची सकाळची गाडी, वणीची बस, सायकल, चालत. याद्या या रकान्याप्रमाणे लागू लागल्या. सर निवृत्त झाल्यावरही काही वर्षं तो रकाना टिकला. नवीन डेमॉन्स्ट्रेटरला मी एकदा विचारलं, हा कशासाठी? तो म्हणाला, "माहीत नाही. पूर्वीपासून आहे." पण तो भरून घेत होता. गुणपत्रिकेचा नियम सरांनी त्या गाडीतच मोडला आणि पुन्हा पाळला नाही. सुतळी ठेवली.

आता त्या वर्षीच्या निकालाचा दिवस. मी कॉलेजात होतो. फळ्यापुढे गर्दी होती. सर नेहमीसारखे सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभे होते. फळ्याकडे ते गेले नव्हते. चहा मागवला होता आणि काचेची कांडी कपात फिरवत होते. त्यात साखर घालायची राहिली होती.

गर्दीतून शोभा बाहेर आली. क्षणभर थांबली. डावीकडे कँटीन, तिथे तिच्या वर्गातल्या मुली ओरडत होत्या. ती उजवीकडे वळली आणि सरळ सायकल स्टँडकडे चालत आली.

सरांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे, त्याचं वर्णन करत नाही. त्यांनी चळतीतला वरचा कागद काढला, पेन्सिलीने 'उद्देश' एवढं लिहिलं आणि तो तिच्यापुढे धरला.

"कागद ठेवा, सर," शोभा म्हणाली. "सुटले. प्रॅक्टिकलसकट."

"निरीक्षण दाखव."

तिने तळहात पुढे केला. पेनाने नंबर लिहिलेला होता. सरांनी तो वाचला, गर्दीत शिरले, फळ्यावर बोट ठेवून तो नंबर दोनदा ताडून पाहिला आणि परत आले. तोपर्यंत तिने पिशवी खांद्याला लावली होती.

"अनुमान?" सरांनी विचारलं.

"अनुमान उद्या, सर," ती बसथांब्याकडे निघत म्हणाली. "गाडी सुटेल. मावशी थांबल्यात."

सर तो कागद हातात धरून, बस वळेपर्यंत उभे होते.